काजळलेले तीन प्लग

फट्ट!

देवळाली कॅम्पात तोफांचा सराव चालतो, त्यामुळे असल्या आवाजाला इथे कुणी सहसा मान वळवत नाही. पण हा आवाज तोफेचा नव्हता. तो उज्वलाआत्याच्या जुन्या पांढऱ्या व्हॅनच्या सायलेन्सरमधून आला होता, आणि त्यापाठोपाठ भर बाजारात काळ्या धुराचा असा काही लोट उठला की कोथिंबीर विकणाऱ्या बाईंनी पदर नाकाला लावून दोन शिव्या घातल्या.

"आई, या फेरीतला सहावा!" मागच्या सीटवरून रुद्र ओरडला. रुद्र आत्याचा धाकटा मुलगा, दहा वर्षांचा. त्याला कशाचीही नोंद ठेवायची खोड होती. व्हॅन किती वेळा फटफटली, कुठे फटफटली, गाडीत कोण होतं, सगळं त्याच्या वहीत!

"तू मोजत बस," त्याचा मोठा भाऊ सार्थक म्हणाला. "इथे पीयूसीवाल्याने नापास केलंय आपल्याला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशिवाय दुसरं कुणीतरी नापास झालं!"

एरवी आत्या हसली असती. आज ती हसली नाही. तिच्या शेजारी बसलेल्या पूजाने ते बरोबर टिपलं. पूजा तेरा वर्षांची, आत्याची भाची, उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी कळवणहून आलेली. आल्यापासून ती बघत होती. आत्या रोज पहाटे दारणेकाठच्या वस्तीवर जायची आणि तिथल्या सात मुलींना व्हॅनमधून नाशिकरोडच्या मैदानावर खो-खोच्या सरावाला न्यायची. त्या वेळी वस्तीवर बस येत नाही. 'उज्वलाताई नेणार असतील तरच पोरगी जाईल,' असं सातही घरांनी सांगून ठेवलं होतं. रविवारी जिल्हा संघाची निवड चाचणी होती. आणि सोमवारी गाडीची फेरनोंदणी. पीयूसी नाही तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर गाडी नाही!

"आत्या, पण ही अशी कधीपासून करतेय?" पूजाने विचारलं.

"चैत्रापासून. सप्तशृंगीच्या गडावर जाऊन आलो ना, तेव्हापासून. त्याआधी एकदा म्हणून त्रास दिला नाही गं हिने."

दुपारी नाथाकाकांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, व्हॅन रंगनाथ मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये न्यायचं ठरवलं. महिन्याभरातली ही चौथी खेप. कुसाबाईआजींनी, म्हणजे काकांच्या आईने, देवीची लाल पिशवी गाडीतून काढून देवघरात नेली, मुलं मागे बसली, आत्याने चावी फिरवली, आणि गाडी निघाली ती थेट गॅरेजच्या दारात गपगुमान उभी राहिली. एकही फट्ट नाही! रुद्रने निराश होऊन वहीत शून्य लिहिलं.

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. मिस्त्रींनी सीट उचलली, पान्याने एकेक करून ठिणगी पाडणारे तिन्ही प्लग काढले आणि फडक्यावर ठेवले. तिन्ही काळेभोर!

"इंजिन बसलं," मिस्त्रींनी निकाल देऊन टाकला. "पिस्टनच्या रिंगा गेल्या. ऑइल वर चढतंय, जळतंय. घासून देतो, पण आठ दिवसांत परत हीच कथा. आणि खरं सांगू का नाथाभाऊ? लेडीज लोकांच्या हातात गाडी म्हटलं की असंच. पाय क्लचवर ठेवून चालवतात. इंजिन खाऊन टाकतात!"

आत्या तिथेच उभी होती. बारा वर्षं गाडी चालवणारी आत्या! तिचा चेहरा पडला. पूजाचं मात्र डोकं फिरलं. तिने फडक्यावरचा एक प्लग उचलला आणि त्याच्या टोकावरून बोट फिरवलं. बोटाला कोरडी, भुरभुरीत काजळी लागली. फुंकर मारली तर उडाली.

"काका, ऑइल जळत असतं तर प्लग ओला असता, तेलकट. हा तर कोरडा ठणठणीत आहे. आणि धूर निळसर आला असता. आमचा धूर काळा आहे!"

मिस्त्रींनी चष्म्यावरून पाहिलं. "तू कोण गं?"

"पूजा. कळवणला माझ्या बाबांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे."

"ट्रॅक्टर!" मिस्त्री खो खो हसले. "अगं पोरी, डिझेलच्या ट्रॅक्टरला प्लग तरी असतो का? चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात!"

"ट्रॅक्टरला नसतो. पण दुकानात फवारणीचे पंप येतात, मोटारसायकली येतात. त्यांना असतो!" पूजाचे कान लाल झाले होते, तरी ती मागे हटली नाही. "तुम्ही तीन वेळा प्लग घासलेत. ते काळे का होतात, हे एकदा तरी बघितलंत का?"

"पूजा!" नाथाकाका गरजले. "मोठ्या माणसांना उलटं बोलायचं नाय! मिस्त्री म्हणतात तेच खरं. लय झालं हे रोजचं. शनिवारी भंगारवाल्याला बोलावतो. अकरा वाजता येऊन घेऊन जाईल."

"अहो, पण रविवारी मुलींची चाचणी..." आत्या म्हणाली.

"त्यांच्या घरचे नेतील की! सगळ्या गावाचा मक्ता आपणच घेतलाय काय?"

झालं! मोठी माणसं एकदा अशी 'झालं' म्हणाली की संपलंच. त्यांना वाटतं, आपण निर्णय घेतला. खरं तर त्यांनी फक्त विचार करायचा कंटाळा केलेला असतो.

संध्याकाळी गच्चीवर तिघांची बैठक बसली.

"आज बुधवार. आपल्याकडे दोन दिवस आहेत," पूजा म्हणाली. "मी ही गाडी भंगारात जाऊ देणार नाही!"

"आणि बाबा ओरडले तर?" रुद्रने विचारलं.

"ओरडू देत. आत्याला नावं ठेवली त्या माणसाने! तिच्या तोंडावर! आणि आपण ऐकून घ्यायचं?"

सार्थकला एकदम चेव आला. "नाही घ्यायचं! पण करायचं काय?"

पूजाने कळवणला आपल्या बाबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे बाबा नुसते हुं हुं करत राहिले. शेवटी म्हणाले, "पोरी, गाडी तुझ्यासमोर हाय, माझ्यासमोर नाय. मी इथून काय सांगू? एकच प्लग काळा असता, तर त्या एकाचंच दुखणं. पण तिन्ही सारखेच काळे म्हणतेस ना? मग तिघांना मिळून जे मिळतं, त्यात घोळ हाय. काजळी कधी धरते? पेट्रोल जादा अन् हवा कमी पडली की. चुलीचं तोंड झाकलं की धूर होतो, तसं. हवा कुठं अडते ते शोध. अन् इंजिन गरम असताना हात घालू नको!"

गुरुवारी सकाळी सराव आटोपून व्हॅन परत आली ती सात फट्ट करून. इंजिन गार होईपर्यंत तिघं तिथेच घिरट्या घालत राहिली. मग आत्याच्या देखत सीट उचलली आणि हवा आत घेणाऱ्या गाळणीचा, म्हणजे एअर फिल्टरचा, डबा उघडला.

"अरे बापरे!" सार्थक किंचाळला. "यात तर कांद्याची भजी तळता येतील!"

फिल्टर कांद्याच्या सालपटांनी गच्च भरला होता. देवळा तालुक्यातून नाथाकाका याच गाडीतून कांद्याच्या गोण्या आणत. चार वेळा गाडी गॅरेजला गेली, पण मिस्त्रींनी हा डबा उघडलाच नव्हता!

"सापडलं!" रुद्र नाचायला लागला. "हवा इथेच अडत होती!"

फिल्टर साफ झाला. काळे प्लग पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले. संध्याकाळी आत्याला दूध आणायला भगूरला जायचं होतं, तेव्हा तिघंही दिमाखात गाडीत बसली. आत्याने चावी फिरवली. गाडी वळणावर पोचली आणि...

फट्ट!

घरी येऊन, इंजिन गार झाल्यावर प्लग काढला. पुन्हा काळा. पूजाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते मनगटाने पुसलं, आणि काजळीचा हात गालावर फिरला.

"जाऊ दे गं," आत्या हळूच म्हणाली. "तुम्ही केलंत ना एवढं. बास झालं."

"बास नाही झालं!" पूजा उसळली. "रिंगा गेलेल्या नाहीत, आत्या. तुझी चूक नाही. मला पक्कं माहितीये! फक्त सिद्ध करता येत नाहीये."

शुक्रवारी दुपारी, घरातली मोठी माणसं आडवी झाली असताना, पूजाने रुद्रची वही मागून घेतली. आजवर या वहीची सगळ्यांनी टिंगलच केली होती.

"मैदानावर जाताना सहा फट्ट. येताना सात. भगूरला चार. पीयूसीला सहा..." ती वाचत गेली. "गॅरेजला शून्य. त्याआधी गॅरेजला?"

"शून्य. गॅरेजला जाताना नेहमीच शून्य," रुद्र म्हणाला. "गाडी मिस्त्रींना घाबरते!"

"गाडी कुणाला घाबरत नसते. गॅरेजला जाताना काहीतरी वेगळं असतं. काय असतं?"

"चालवते आईच. रस्ता तोच. पेट्रोल तेच," सार्थक बोटं मोजायला लागला. "मुली नसतात. पण भगूरलाही मुली नव्हत्या."

रुद्रने डोकं खाजवलं. "देवीची पिशवी नसते."

"कसली पिशवी?"

"आजीची गं! ती लाल! गॅरेजला जायच्या आधी आजी ती काढून देवघरात ठेवते. तेलकट हात लागतात म्हणून. बाकी रोज तीच आंघोळ करून लावते."

पूजा ताडकन उठली. ती लाल पिशवी तिनेही रोज पाहिली होती. कुसाबाईआजींनी चैत्रात गडावरून नारळ आणि कुंकू आणलं होतं, गाडीच्या रक्षणासाठी. आधी ती पिशवी आरशाला टांगली होती. मागचं दिसेना, म्हणून आत्याने काढायला लावली. मग आजींनी तिला दुसरी जागा शोधली, स्टिअरिंगच्या बाजूला खाली. पण तिथे खुंटी आली कुठून?

तिघं धावत व्हॅनपाशी गेली. पूजाने लाल पिशवी अलगद वर उचलली. तिच्यामागे एक काळं बटन होतं, चांगलं दोन बोटं बाहेर ओढलेलं. त्यालाच तर पिशवी अडकवली होती!

"चोक!" पूजा ओरडली. "सार्थक, हा चोक आहे!"

"म्हणजे?"

"थंडीत गाडी सुरू होत नाही, तेव्हा हे बटन ओढतात. आत एक झडप हवेचं तोंड झाकते. हवा कमी, पेट्रोल जास्त. गाडी सुरू झाली की लगेच आत ढकलायचं असतं. आणि आपली गाडी महिनाभर, या मे महिन्याच्या उन्हात, चोक ओढून पळतेय!"

आत ढकललेल्या बटनाला पिशवी अडकत नाही, घसरते. म्हणून आजी रोज ते बाहेर ओढायच्या, पिशवी टांगायच्या. गॅरेजला जाताना पिशवी काढायच्या आणि बटन सुनेच्या गुडघ्याला लागू नये म्हणून नीट आत सारायच्या. उन्हाळ्यात चोक लागत नाही, त्यामुळे आत्याचं तिकडे लक्ष नव्हतं. आणि देवीच्या पिशवीला हात लावून तिच्यामागे बघायची घरात कुणाची छाती नव्हती!

"कोण हाय तिथं? पिशवी सोड!"

दारात कुसाबाईआजी उभ्या होत्या. साक्षात नाथाकाका ज्यांना घाबरत, त्या कुसाबाईआजी!

"बिनआंघोळीची देवीला हात लावतीस?"

"आंघोळ झालीये, आजी," पूजा म्हणाली. तिने पिशवी सोडली नाही. "आणि मी देवीला हात नाही लावत. मी या बटनाला लावतेय. तुम्ही हे रोज ओढता, म्हणून गाडी धूर सोडते."

"माझ्यामुळं? गाडी सुखरूप राहावी म्हणून चपला न घालता गड चढले मी! अन् माझ्यामुळं?"

"हो!"

सार्थकने डोळे मिटून घेतले. आजींना तोंडावर असं 'हो' म्हणालेलं माणूस त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

"आजी, मी खोटं बोलत असेन तर उद्या अकरा वाजता सगळ्यांसमोर माझे कान धरा," पूजा म्हणाली. "पण उद्या सकाळी पिशवी मांडीवर घेऊन तुम्ही स्वतः गाडीत बसा. देवी तुमच्या मांडीवर, मग तर काही बिघडणार नाही ना? नाहीतर आत्याची गाडी जाईल. त्या सात मुलींचा खेळ जाईल. आणि सगळे म्हणत राहतील, बाईने इंजिन खाल्लं!"

आजींनी हात पुढे केला. मग पिशवी हातात घेऊन आत गेल्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "साडेपाचला हाक मार."

त्या रात्री पूजाने तिन्ही प्लग पुन्हा घासले आणि फिल्टर पुन्हा झटकला. आत्याला सगळं सांगितलं, तेव्हा ती आधी कपाळाला हात लावून बसली आणि मग इतकी हसली की तिला ठसका लागला.

शनिवारी पहाटे व्हॅन वस्तीवर गेली, सात मुलींना घेऊन मैदानावर गेली, त्यांना घेऊन परत आली. पुढच्या सीटवर पिशवी पोटाशी धरून आजी, बटन आत. चढावर नेहमी रडणारी गाडी भराभर चढत होती. रुद्र पेन सरसावून बसला होता. त्याच्या पानावर शेवटपर्यंत एकच आकडा राहिला. शून्य!

"मावशी, आज गाडी बदलली का काय?" खो-खोच्या संघाची कप्तान अंजली आत्याला विचारायला लागली. मुलींना अजून काहीच माहीत नव्हतं. मुली उतरायला लागल्या तेव्हा आजी म्हणाल्या, "उतरू नका गं पोरींनो. घरी चला, चहा घ्या. आज बघण्यासारखं हाय."

अकराच्या सुमाराला अंगणात भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा राहिला. गाडी तपासून किंमत ठरवून द्यायला म्हणून नाथाकाकांनी रंगनाथ मिस्त्रींनाही बोलावलं होतं.

"मिस्त्रीकाका, न्यायच्या आधी एकदा प्लग बघा," पूजा म्हणाली. "सकाळी पंचवीस किलोमीटर चाललीये."

"त्यात काय बघायचं? काळेच असणार."

"मग बघायला काय हरकत आहे?"

मिस्त्री कुरकुरत वाकले. पहिला प्लग बाहेर आला. त्यांनी तो उजेडात धरला. मग दुसरा काढला, तिसरा काढला. तिन्हींची टोकं फिकट बिस्किटाच्या रंगाची होती. काजळीचा मागमूस नाही!

"नवे घातलेत तुम्ही!"

"तुमच्याच हाताने चार वेळा घासलेत की! ओरखडे ओळखा," सार्थक म्हणाला.

मिस्त्रींना ओरखडे ओळखू आले. तरी ते हट्टाने म्हणाले, "एखाद्या दिवशी होतं असं. योगायोग."

पूजा याचीच वाट बघत होती. "प्लग बसवा. आत्या, गाडी सुरू कर."

गाडी सुरू झाली. एका लयीत, गुरगुरत. मागे धुराचं नाव नाही.

"आता हे बघा!" पूजाने काळं बटन दोन बोटं बाहेर ओढलं.

आत्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन अडखळलं, खोकलं, मागून काळा धूर उसळला आणि फट्ट! भंगारवाला दचकून टेम्पोवर चढला. पूजाने बटन आत ढकललं. थोड्याच वेळात इंजिन शांत झालं. पुन्हा ओढलं, पुन्हा काळा धूर. पुन्हा ढकललं, पुन्हा शांत.

"रिंगा गेल्या असत्या तर बटनाने परत आल्या असत्या का, काका?" पूजाने विचारलं.

नाथाकाका मिस्त्रींकडे बघायला लागले, मिस्त्री जमिनीकडे. आणि एवढ्यात आजी पुढे आल्या.

"त्याच्याकडं काय बघतोस, नाथा? माझ्याकडं बघ! पिशवी टांगायला ते बटन मी ओढत होते. गाडी सुनेनं नाय बिघडवली. मी बिघडवली! माझ्या सुनेला महिनाभर बोल लावले तुम्ही लोकांनी, अन् मीबी गप ऐकत होते. ही एवढीशी पोर मला तोंडावर बोलली, म्हणून कळलं."

चूक झाली असं म्हणायला केवढं धाडस लागतं! सगळ्या थोरामोठ्यांत ते एकट्या आजींनाच जमलं होतं. पण एकाने सुरुवात केली की दुसऱ्याला सोपं जातं.

मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला. "वहिनी, माझं चुकलं," ते आत्याला म्हणाले. "फिल्टर बघितला नाही, चोक बघितला नाही. प्लग काळे दिसले की रिंगा गेल्या, हेच तोंडात बसलेलं. आणि तुमच्या गाडी चालवण्याबद्दल बोलायचा मला काय अधिकार? चोक ओढलेली गाडी महिनाभर चढावर नेणं माझ्यानेही झालं नसतं." मग ते पूजाकडे वळले. "आणि तू गं! सुट्टी संपेपर्यंत रोज दुपारी गॅरेजला येत जा. मी शिकवीन, पण माझं चुकलं तर असंच तोंडावर सांगायचं. कबूल?"

"कबूल! पण आत्यालाही शिकवायचं. सार्थक आणि रुद्रलाही."

"अख्खी वरात घेऊन ये!" मिस्त्री म्हणाले, आणि सातही मुलींनी असा गिल्ला केला की भंगारवाला कुणालाही न विचारता टेम्पो मागे घेऊन निघून गेला.

दुपारी पीयूसीवाल्याने नळी लावली, आकडे पाहिले आणि निमूटपणे पासची पावती काढून दिली. आत्याने ती नाथाकाकांच्या हातात ठेवली. काकांनी ती दोनदा वाचली, मग पूजाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "उलटं बोलतीस, पण बरोबर बोलतीस." संध्याकाळी त्यांनी स्वतः डॅशबोर्डच्या दुसऱ्या टोकाला पितळी हुक ठोकला. आजींनी तो ओढून ओढून पाहिला. काहीच हललं नाही, तेव्हा कुठे पिशवी टांगली.

रविवारी पहाटे व्हॅन वस्तीवरून सात मुलींना घेऊन दारात आली, तेव्हा नाथाकाका नवा सदरा घालून उभे होते.

"आज लांबचा पल्ला नाय, पण महत्त्वाचा दिवस हाय," ते घसा खाकरून म्हणाले. "मी चालवू काय?"

आत्याने खिडकीतून मान बाहेर काढली. पूजा तिच्या शेजारी बसली होती, तिला आत्याच्या गालातलं हसू अगदी जवळून दिसलं.

"यायचं असेल तर मागे बसा," आत्या म्हणाली. "आणि दार नीट लावून घ्या, उशीर होतोय."

नाथाकाका मुकाट्याने मागे शिरले. सात मुली, सार्थक आणि रुद्र यांच्यामध्ये गुडघे हनुवटीशी घेऊन कसेबसे बसले आणि त्यांनी दार नीट लावून घेतलं. आत्याने गिअर टाकला आणि गाडी नाशिकरोडच्या दिशेने सुटली.